मास्तरीण बसली

२ सप्टेंबर, मंगळवार

आज मास्तरीण घरी आली. खात्याच्या गाडीतून उतरली, आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चल म्हटल्यावर चढली. सोबत दोन भांडी, एक चटई, पट्टा आणि तिचा चेंडू. चेंडू टेनिसचा आहे, चावून चावून त्याचे सगळे केस गेले आहेत.

खात्याने एक पत्रक दिलं आहे. खाणं, चालणं, झोप, वर्तन असे रकाने. वर्तनाच्या रकान्यात एक शब्द मावतो. म्हणून ही वही.

मास्तरीण ही आमच्या खात्याची कुत्री, अमली पदार्थ शोधते. शोधायची, असं आता लिहायला हवं. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण ते कुणी वापरत नाही. वास लागला की ती भुंकत नाही, ओरबाडत नाही. वस्तूसमोर बसते आणि माझ्याकडे बघत राहते, उत्तर येईपर्यंत. शाळेत बाई बघायच्या तशी. मग मी पिशवी उघडतो, आत माल निघतो, मी तिला चेंडू देतो. माल निघाला नाही तर चेंडू नाही. पण असं कधी झालेलं नाही.

एक ऑक्टोबरपासून गांजा कायदेशीर होतो आहे. सज्ञान माणसाने स्वतःपुरता घरात ठेवला तर गुन्हा नाही. मास्तरणीला गांजा, अफू आणि पांढरी पूड असं तिन्ही शिकवलेलं आहे, आणि तिन्हींसाठी ती एकच गोष्ट करते. बसते. यापुढे ती बसली की वकील विचारणार, कशासाठी बसली? ती सांगू शकत नाही. शिकवलेलं विसरायला लावता येत नाही. त्यामुळे सगळी कुत्री एकदम निवृत्त. साहेब म्हणाले, कायदा करताना कुत्र्यांना कुणी विचारलं नाही.

मीही विरोधाच्या अर्जावर सही केली होती. कुत्रीसाठी नव्हे, तत्त्व म्हणून.

महिनाभर ती माझ्या घरी चाचणीवर आहे. घरात नीट राहिली तर कायमची माझी. नसलेल्या वासावर बसायला लागली तर तिला 'भ्रमित' म्हणतात. भ्रमित कुत्रं घरी देत नाहीत. ते केंद्रावरच्या पिंजऱ्यात राहतं, मरेपर्यंत. अहवाल मीच लिहायचा आहे. तीस तारखेला, कार्यालय बंद होण्यापूर्वी.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी तिला घर दाखवलं. तिने स्वयंपाकघर हुंगलं, आमची खोली हुंगली, बायकोच्या चपला हुंगल्या. बायको रोपवाटिकेत काम करते, चपलांना माती असते. मग ती अप्पांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसली. ताठ. माझ्याकडे बघत.

अप्पा माझे वडील. तुरुंगाधिकारी होते. त्यांच्या आवाजाने आख्खी बराक उठून उभी राहायची. जनावराला अधिकार कळतो, दुसरं काय. अप्पांना ते आवडलेलं दिसलं. म्हणाले, "हिला सांग, मी कैदी नाही. जेलर आहे."

बायको दारात उभी होती. तिला हसू आलं नाही. कुत्र्यांना ती थोडी घाबरते असं वाटतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मास्तरीण आज फ्रीजसमोर बसली. भूक असेल, बायको म्हणाली. पण मास्तरणीने आजवर कधी खाण्याकडे बघितलेलं नाही. एकदा विमानतळावर शेजारी मटणाचं पार्सल फुटलं होतं, तिने मान वळवली नाही. निवृत्तीनंतर माणसंही खाण्याकडे वळतात, तसं असेल.

चेंडू दिला नाही. ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी मीच तिथून उठून गेलो.

८ सप्टेंबर, सोमवार

अप्पांच्या तब्येतीविषयी लिहून ठेवतो. मागच्या वर्षी त्यांना नागीण झाली. फोड गेले, कळ राहिली. डाव्या बाजूला, बरगडीपासून पाठीपर्यंत. डॉक्टर म्हणाले नस दुखावली आहे, राहील. अंगाला कपडा लागला तरी ते किंचाळत. सगळा उन्हाळा उघडेच बसून होते, कुणी आलं की आत जात. कडक इस्त्रीशिवाय कधी कुणासमोर न आलेला माणूस.

आता बरंच बरं आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शर्ट घातला. झोप लागते. जेवताना मागून घेतात. परवा हवामानाच्या बातम्या ऐकताना हसत होते. मी आणलेल्या मलमाचा गुण. मलम उग्र आहे म्हणे, घरभर वास असतो म्हणे. माझं नाक लहानपणापासून चोंदलेलं आहे, मला काही कळत नाही. म्हणून तर कुत्रं लागतं. बायकोला म्हटलं, बघ, मलम लागू पडलं. ती लगेच हो म्हणाली. एरवी इतक्या पटकन ती माझ्याशी सहमत होत नाही.

चहाला कायद्याचा विषय निघाला. मी म्हणालो, आज गांजा सोडला, उद्या पूड सोडतील. अप्पांनी मान डोलवावी अशी अपेक्षा होती. पूर्वी ते म्हणायचे, असल्यांना उलटं टांगलं पाहिजे. आज पावाला लोणी लावत म्हणाले, "माझ्याकडे अर्धी बराक चिमूटभर गांजावर आत आलेली असायची. ती शांत अर्धी." मग मन लावून पाव खाल्ला.

वय झालं की माणूस मऊ होतो. मी वाद घातला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

रोज तेच. सकाळी अप्पांसमोर, दुपारी फ्रीजसमोर, चार वाजता चहाच्या टेबलापाशी. मी पत्रकात वर्तन 'साधारण' लिहितो आहे, पण ते साधारण नाही. काहीतरी तिला फसवतं आहे. ते शोधून काढलं तर तिला वाचवता येईल.

पहिला संशय मलमावर. रिकामे डबे मांडले, एकात मलम ठेवलं, बाकीच्यांत साबण, चहा वगैरे. प्रशिक्षणात करतात तसंच. मास्तरीण ओळीने हुंगत गेली आणि मलमाच्या डब्यावर शिंकली. बसली नाही.

दुसरा संशय खुर्चीवर. खुर्ची व्हरांड्यात नेली. मास्तरीण तिच्याजवळून सरळ पुढे गेली. अप्पांना स्टुलावर बसवलं. ती स्टुलासमोर बसली. म्हणजे खुर्ची नाही, अप्पाच. त्यांचा शर्ट काढून पाहू का विचारलं, तर म्हणाले, मी निवृत्त झालोय, माझी झडती कसली घेतोस?

बायको हे सगळं भांडं पुसत बघत होती. एकच भांडं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खात्याच्या पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, काही कुत्र्यांना माणसाचा आजार वासावरून कळतो. मला हे सुचायला हवं होतं. मास्तरीण अप्पांची कळ हुंगते आहे. आयुष्यभर गुन्हे शोधले, आता म्हातारपणी दुखणं शोधते आहे. घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. अप्पा म्हणाले, हुशार आहे. बायको म्हणाली, फारच.

फ्रीजचा उलगडा मात्र होत नाही. फ्रीजला कळ नसते.

१५ सप्टेंबर, सोमवार

साहेब पाहणीला आले. मास्तरणीने त्यांच्यासमोरच, फ्रीजपाशी, व्यवस्थित बसून दाखवलं. साहेबांनी फ्रीजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, भूक. साहेब म्हणाले, "भुकेने कुत्रं असं बसतं का हो?"

बायकोने चहा केला. साहेबांनी पाव मागितला. ती म्हणाली लोणी संपलंय, आणि जॅमची बाटली पुढे केली. अप्पांचं लोणी टेबलावर झाकण घालून ठेवलेलं होतं. ते वेगळं असतं, ती स्वतः करते, त्यात मीठ नसतं, आम्ही त्याला हात लावायचा नाही असा घरात नियम आहे. तरी पाहुण्याला बोटभर द्यायला काय हरकत होती? मी झाकण उचलायला गेलो तर तिने माझ्या हातावर चमचा मारला. साहेबांसमोर. अप्पांनी लोणी ओढून मांडीवर घेतलं.

जाताना साहेब जिन्यात थांबले. म्हणाले, मी तुम्हाला काय लिहा हे सांगत नाही. पण ही उगाच बसते असं लिहिलंत तर ही पिंजऱ्यात जाईल, आणि हिच्या शब्दावर जेवढे लोक आत गेलेत त्यांचे वकील दारात येतील. मी म्हणालो, मी जे आहे ते लिहीन. ते म्हणाले, तीच तर भीती आहे.



१८ सप्टेंबर, गुरुवार

नव्या कायद्याचे नियम ठरवणाऱ्या समितीपुढे माझी साक्ष झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर नावाची पाटी. माझ्यासमोर पाटी नव्हती. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांना एवढंच हवं होतं की जुन्या शिक्षांचा फेरविचार करायचा की नाही. मी सांगितलं, गरज नाही. मास्तरीण बसली तिथे माल निघाला. माल निघाला तेव्हा कायदा तो होता.

त्यांनी बसस्थानकावरच्या बाईचं प्रकरण काढलं. मला आठवत होतं. पिशवीत कपडे, कपड्यांत डबी, डबीत चमचाभर गांजा. मास्तरीण बसली, बाई जमिनीवर बसली. ती अजून आत आहे.

"तिने काही कारण सांगितलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, सगळेच सांगतात.

"काय सांगितलं?"

"नवऱ्यासाठी नेते आहे म्हणाली. त्याला अंगावर कपडा सहन होत नाही म्हणे."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. साक्ष चांगली झाली असं साहेब म्हणाले. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कुंडीतली माती बदलत होती. त्या बाईला मुलं आहेत का, एवढंच तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. रकान्यात ते नसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज सुट्टी घेतली होती. बायको रोपवाटिकेत, अप्पा दुपारचे झोपलेले. भूक लागली. फ्रीजमध्ये अप्पांचं लोणी सोडून काही नव्हतं. अधिकारी माणसाने आपल्याच घरात लोण्याला घाबरावं हे बरोबर नाही. पावावर लावून खाल्लं. मीठ खरंच नव्हतं, जरा गवतासारखं लागलं. पुन्हा लावून खाल्लं.

तासाभराने प्रकृती बिघडली असं वाटतं. दुखत काहीच नव्हतं. तेच विचित्र होतं, गुडघाही दुखत नव्हता. फ्रीजचा दरवाजा पाहत होतो. त्याच्या कडेला रबराची पट्टी असते, ती बंद होताना हवा आत घेते आणि गप्प होते. हे कुणीतरी बसून विचार करून केलं आहे. त्या माणसाचे आभार कुणी मानले नसतील. मला वाईट वाटलं. मग हसू आलं. मग रेडिओवर हवामान लागलं.

वर जे लिहिलं आहे ते तेव्हाच लिहिलं. खालचं संध्याकाळी लिहितो आहे.

मास्तरीण आली. माझ्या गुडघ्यापाशी थांबली, हात हुंगला, तोंडापाशी नाक आणलं. दोन पावलं मागे गेली. आणि बसली. माझ्यासमोर. माझ्याकडे बघत.

मी खिसे उलटे केले. रुमाल, किल्ल्या. पायजम्याची नाडीसुद्धा पाहिली. काही नाही. ती हलली नाही. मला ना अधिकार आहे, ना नागीण.

मी तिला म्हणालो, चुकलीस. ती बघत राहिली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ती चुकत नाही.

सकाळी बायको पोळपाट धूत होती. मी विचारलं, "अप्पांच्या लोण्यात मीठ का नसतं?"

"त्यांना चालत नाही."

"कधीपासून?"

तिने नळ बंद केला. "त्यांनी शर्ट घातला तेव्हापासून."

मी उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात एकदा तुम्ही कामावर होतात. अप्पा मला म्हणाले, सूनबाई, खिडकी जरा पूर्ण उघड आणि तू बाहेर जा. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो." मग म्हणाली, "अजून सांगू?"

मी नको म्हणालो. मी खात्याचा माणूस आहे. ऐकलं तर लिहावं लागतं.

तिने पुन्हा नळ सोडला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरात आम्ही तिघं एकमेकांशी फार नीट वागतो आहोत. अप्पांनी मला पेपर आधी वाचायला दिला. असं पूर्वी कधी झालेलं नाही.

मास्तरीण चार वाजता टेबलापाशी बसली. ती आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती, आणि आम्ही पावाकडे. ती बारीक झाली आहे. खाणं ठेवलं तर हुंगून निघून जाते. तिला वाटत असणार, आपण सांगतो ते आता या माणसाला समजत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

अहवालाचा कागद पुढे घेऊन बसलो.

उगाच बसते असं लिहिलं तर ते खोटं, आणि ती पिंजऱ्यात. कारण असतं म्हणून बसते असं लिहिलं तर ते खरं, आणि सोमवारी घराची झडती. कायदा अजून जुना आहे. बायको आत, अप्पा आत. अप्पांच्या हाताखालचे काही जण अजून तिथे नोकरीला आहेत. ते त्यांना खुर्ची देतील बहुतेक. लोणी देणार नाहीत.

बसतच नाही असं लिहावं, तर साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय ते मास्तरणीबद्दल खोटं. ती माझ्याबद्दल कधी खोटं बोललेली नाही.

कागद परत ठेवला. मी आजवर एकही अहवाल उशिरा दिलेला नाही. माझ्या नोकरीत सांगण्यासारखं तेवढंच आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

कार्यालय बंद व्हायच्या आधी साहेबांचा फोन आला. अहवाल आला नाही म्हणाले. मी म्हणालो, पेन सापडत नाही.

मागे शिपाई कपाटं बंद करत असल्याचा आवाज येत होता.

"उद्या सापडेल?"

"उद्या सापडेल."

"बघा नीट," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पेन माझ्या खिशात होतं. अप्पांनी पाहिलं. उठले, इस्त्री मागितली आणि उद्यासाठी माझा शर्ट स्वतः केला. बाह्यांना धार आली आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

रस्त्यावर काही वेगळं नव्हतं. काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. दूधवाला, शाळेची गाडी, सिग्नलपाशी नेहमीचं भांडण.

अहवाल कार्यालयात बसून लिहिला. 'कुत्री घरात अनेकदा बसली. प्रत्येक वेळी कारण होतं. भ्रम नाही. निर्णयक्षमता शाबूत.' खाली आजची तारीख घातली. साहेबांनी वाचला. तारीख वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"कारण लिहिलं नाहीत."

"रकान्यात मावलं नाही."

त्यांनी शिक्का मारला. म्हणाले, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, त्या दिवशी फार प्रसन्न दिसत होते. उशिराबद्दल लेखी ताकीद मिळेल असंही म्हणाले. ती मिळाली की जपून ठेवणार आहे.

तिथून समितीच्या कार्यालयात गेलो. माझ्या साक्षीत दुरुस्ती करायची आहे म्हटलं. कारकुनाने विचारलं, किती शब्दांची? मी म्हणालो, 'गरज नाही' असं मी म्हटलं होतं, त्यातलं 'नाही' काढा, आणि बसस्थानकाच्या प्रकरणावर मला पुन्हा बोलवा. तो म्हणाला, असा अर्ज नसतो. मी म्हणालो, मग मी इथे बसतो. बाकावर बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्याने कोरा कागद दिला.

घरी पोचलो तेव्हा चार वाजत होते. अप्पा टेबलापाशी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बायको पाव कापत होती. लोणी उघडं होतं, झाकण बाजूला. मास्तरीण आली, टेबलासमोर बसली, माझ्याकडे बघायला लागली. फार आशेने नव्हे. सवयीने.

मी कपाटातून चेंडू काढला आणि तिला दिला.

तिने लगेच घेतला नाही. आधी चेंडूकडे पाहिलं, मग लोण्याकडे, मग माझ्याकडे, खात्री करून घेतल्यासारखं. मग उचलला आणि टेबलाखाली गेली. महिनाभराचं राहिलेलं सगळं एकदम चावत बसली. आवाज इतका होत होता की रेडिओवरचं हवामान ऐकू येईना. अप्पांनी तो बंद केला.